नवऱ्याची बहीण

कौसल्या बोरी अरबच्या पलीकडच्या तांड्यात राहते. आज ती भीमसिंगची बायको आहे. मधे एक कापसाचा हंगाम ती त्याची थोरली बहीण होती. हे नातं तिच्यावर कोणी लादलं नव्हतं. तिनंच ते शोधून काढलं, नवऱ्याच्या गळी उतरवलं आणि अख्ख्या तांड्याकडून पाठ करून घेतलं.

कौसल्या उंच, हाडापेराने मजबूत आणि तोंडाने तिखट. कापूस वेचायला बायांची टोळी निघाली की ही पुढे, आणि शेताचा मालक तिच्याशी बोलण्याआधी घसा साफ करून घेणार. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल झालं नाही, तेव्हा सासूच्या टोमण्यांना कंटाळून तिनंच पदर खोचला. दारव्ह्याकडच्या एका तांड्यात जाऊन झमकीला पसंत केलं, बोलणी केली आणि घरी आल्यावर भीमसिंगला कळवलं. झमकी दिसायला बरी, कामाला वाघीण आणि बोलायला अगदी कमी. हा शेवटचा गुण कौसल्याने मुद्दाम पाहून घेतला होता, कारण घरात बोलणारं एक माणूस पुरे आहे असं तिचं मत होतं. पुढे मुलं झाली. ती झमकीला याडी म्हणत आणि कौसल्याला मोठी याडी. याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. दोघी बाया एका ताटात जेवायच्या, आणि भीमसिंगला काय वाढायचं ते त्याला न विचारता ठरवायच्या.

भीमसिंग गरीब माणूस. पैशाने तर त्या वर्षांत सगळेच गरीब होते, हा स्वभावाने गरीब. कापसाने सगळ्यांचं तोंड कडू केलं होतं. अळी औषधाला दाद देईना, भाव मिळेना, आणि जिल्ह्याचं नाव रोज पेपरात, तेही चांगल्या कारणासाठी नाही. लोक घायकुतीला येऊन फवारत सुटले होते, म्हणून फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या भीमसिंगला तेवढी उसंत नव्हती. पण पंप सुरू झाला की गिऱ्हाईक खूश होऊन त्याला मोहाची दारू पाजायचं. संध्याकाळपर्यंत तांड्यातले पंप सरळ व्हायचे आणि भीमसिंग आडवा.

एकदा बोरीच्या बाजारात ऊन फार झालं म्हणून तो ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये सावलीला शिरला. आत गाणं चाललं होतं. तो मागे बसून राहिला, पुढच्या रविवारी परत गेला, आणि कुणी काही न म्हणता त्याची दारू सुटली. कौसल्याचा विश्वास बसेना. ती रोज संध्याकाळी त्याचं तोंड हुंगायची. असे महिने गेले. तिचा त्या देवावर विश्वास बसला की नाही हे तिलाच ठाऊक, पण ज्यानं नवऱ्याला स्वतःच्या पायांवर घरी आणलं त्याच्याशी वाकडं घ्यायचं नाही, एवढं तिनं ठरवलं.

हॉलचे पाळक शिरसाठसाहेब नगरकडचे. भला माणूस, फक्त नियमाला पक्का. नाताळाच्या आधी अडाण नदीत बाप्तिस्मा द्यायचा असं त्यांनी जाहीर केलं आणि भीमसिंगला बाजूला घेऊन सांगितलं, "प्रभूच्या घरात एक नवरा आणि एक बायको. कोणाच्या दोन असतील तर पहिली ठेवावी, दुसरीला मानाने माहेरी पोचवावं. बाईची इज्जत राहावी म्हणूनच हा नियम आहे." भीमसिंगने मान हलवली. कोणी काही सांगितलं की तो मान हलवतोच.

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा झमकी भाकरी थापत होती. तिनं हातातली भाकरी पुरी केली, तव्यावर टाकली आणि उठून पोरांचे कपडे गोळा करायला लागली. कौसल्याने तिचा हात धरून तिला परत चुलीपुढे बसवलं.

दुसरा अख्खा दिवस कौसल्या कापूस वेचताना गप्प होती. टोळीतल्या बायांना वाटलं तिला ताप आला. नियम काही वाईट नाही, हे तिलाही पटत होतं. तो आपल्या सासूच्या काळात आला असता तर फार बरं झालं असतं, असंही तिच्या मनात आलं. पण तो आला पोरं शाळेत जायला लागल्यावर. आता झमकी गेली तर पोरं कुणाची? आणि भीमसिंगला हॉलवाल्यांनी परत पाठवलं तर तो सरळ मोहाच्या भट्टीवर जाईल, यात तिला शंका नव्हती. संध्याकाळी ती घरी आली आणि म्हणाली, "मी तुमची बहीन."

"कोनाची?" भीमसिंगने विचारलं.

"तुमची. थोरली. घरी दोन बाया हायेत हे पाळकसाहेबाले माहीत हाय. कोन कोनाची कोन हाय, हे सांगतलं काय तुमी?"

"नाई."

"मंग झालं. झमकी तुमची बायको, मी बहीन. नवरा नाई म्हनून भावाच्या घरी राहून राह्यली."

"नवरा काहून नाई?"

"ते मी पाहून घेईन," कौसल्या म्हणाली आणि विषय संपला.

तांड्याच्या नाईकापासून शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांना ताकीद मिळाली. लोकांनी ती आनंदाने पाळली, कारण त्या वर्षी हसण्यासारखं दुसरं काही तांड्यात नव्हतं. अडचण एकच होती. थोरली बहीण म्हटल्यावर भावाला नावानं हाक मारायला हवी, आणि कौसल्याने जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा नाव विचारलं की ती शेजारणीला कोपर मारायची. पहिल्या रविवारी हॉलमध्ये सगळ्यांसमोर तिनं "अरे भीमसिंग, सतरंजी टाक" असं म्हटलं, तेव्हा तांड्यातल्या बायांनी तोंडात पदर कोंबला. कौसल्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण नाव घ्यायला गोड लागलं, आणि त्या दिवशी तिनं सतरंजी तीनदा उचलायला लावली.

पाळकसाहेबांनी तिच्या नवऱ्याची चौकशी केली. भीमसिंग शेजारीच बसलेला. तो जिवंत समोर असताना मेला म्हणायला तिची जीभ वळेना. "गेला," एवढंच ती म्हणाली. पाळकसाहेबांनी हळहळून मान खाली घातली. ते पाहून भीमसिंगनेही घातली.

पोरं तिला मोठी याडी म्हणायची ती काही सुधारली नाहीत. कौसल्याने पाळकसाहेबांना सांगून टाकलं की इकडे मोठ्या बाईला सगळे याडीच म्हणतात. तेव्हापासून पाळकसाहेब तांड्यातल्या प्रत्येक म्हातारीला याडी म्हणायला लागले, आणि म्हाताऱ्या त्यांच्यावर फार खूश झाल्या.

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. फक्त एक गोष्ट कौसल्याला टोचायला लागली. भीमसिंग तिला "बाई" म्हणायचा, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, आणि एकदाही चुकायचा नाही. ज्याला आपला सदरा कोणत्या खुंटीवर आहे ते इतक्या वर्षांत लक्षात राहिलं नाही, त्याच्या तोंडून हा शब्द पहिल्या दिवसापासून सटासट निघत होता. हॉलमध्ये ठीक होतं. घरीसुद्धा तो "बाई, पानी दे" म्हणायचा. झमकी आली तेव्हापासून आपण याची बहीणच झालो होतो की काय, आणि हे आपल्यालाच उशिरा कळलं की काय, असं तिला वाटायला लागलं.  ती पाणी आपटून द्यायला लागली.

डिसेंबर लागला तेव्हा पाळकसाहेब एक पाहुणा घेऊन आले. नाव ओकेलो. आफ्रिकेतल्या युगांडाचा तरणा पोरगा, नागपूरला पाळकाचं शिक्षण घ्यायला आलेला आणि महिनाभर बोरीत काम शिकायला पाठवलेला. पण त्या वर्षांत परका माणूस तांड्यात आला की तो कापसाचीच पाहणी करायला आला असं सगळे धरून चालत. दिल्लीचे झाले, मुंबईचे झाले, आता आणखी लांबून साहेब आला, एवढाच अर्थ लोकांनी काढला. पाळकसाहेब तोंड उघडेपर्यंत ओकेलोच्या हातात किडकी बोंडं ठेवून झाली होती. एका म्हाताऱ्याने त्याला अळीसुद्धा जिवंत आणून दाखवली. ओकेलोने सगळं नीट पाहिलं आणि मोडक्या मराठीत सांगितलं की त्याच्या गावी पण कापूस आहे, त्याला पण अळी आहे, आणि भाव पण नाही. लोकांचं समाधान झालं. इतक्या साहेबांत खरं बोललेला हा पहिलाच.

त्याच आठवड्यात पाळकसाहेबांनी दुसरा पाहुणा आणला. कुठे रिकामी जागा दिसली की भरून काढायची त्यांना भारी घाई. राजूरच्या कोळशाच्या खाणीत काम केलेला किसनसिंग, बायको वारलेला, मिशा राखलेला, नुकताच प्रभूच्या विश्वासात आलेला. कौसल्याबाईंनी उरलेलं आयुष्य भावाच्या दारात का काढावं, असा पाळकसाहेबांचा विचार. मागणी रीतसर घालायची, म्हणून भीमसिंगपुढेच बसले. ओकेलोही होता.

"तुमच्या बहिनीले मी सुखात ठेवीन," किसनसिंग म्हणाला. "माह्या घरी नळ हाय."

भीमसिंगने चहाची कपबशी त्याच्यापुढे ठेवली. त्या चहात साखर नव्हती. झमकीने घातली होती, पण भीमसिंगने तो चहा म्हशीच्या घमेल्यात ओतून स्वतः दुसरा केला होता, आणि हे कौसल्याने दाराआडून पाहिलं होतं.

"दारू पिता काय?" भीमसिंगने विचारलं.

"पीत होतो. सोडली."

"मी बी," भीमसिंग खिन्नपणे म्हणाला. नकार द्यायला त्याच्याजवळ दुसरं कारण उरलं नाही.

"मग भाऊ म्हणून तुमचं काय म्हणणं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

दाराआड कौसल्याने कान दिला. म्हणा ना, असं ती मनात म्हणत होती. काहीही म्हणा, पण म्हणा. भीमसिंगने सवयीप्रमाणे दाराकडे पाहिलं, मग कपाकडे, आणि म्हणाला, "विचारून सांगतो."

कुणाला विचारून, ते तो बोलला नाही. पाहुणे गेल्यावर कौसल्याने भांडी इतक्या जोरात घासली की एका पातेल्याचा कान निघाला.

दुसऱ्या दिवशी ओकेलो शेतात आला. बाया वेचत होत्या. त्यानंही कमरेला फडकं बांधलं आणि कौसल्याच्या शेजारची ओळ धरली. हात सराईत होता. आईबरोबर लहानपणी वेचलं आहे म्हणाला.

"याडी, तुम्ही त्याची बहीण नाही," वेचता वेचताच तो म्हणाला.

कौसल्याचा हात थांबला. "कोनं सांगतलं?"

"कोणी नाही. तो दुसरी भाकरी घेताना पण तुमच्याकडे बघतो. बहिणीला कोण एवढं विचारतो?"

कौसल्याने इकडेतिकडे पाहिलं. बाया लांब होत्या. "सांगशीन काय पाळकसाहेबाले?"

"नाही. मी अजून पाळक नाही झालो." मग तो म्हणाला, "आमच्याकडे पण असंच. माझे आजोबा, तीन बायका. पाळक आले, बोलले एक ठेवा. दोघींना पाठवलं. एक माझी आजी."

"अन् तुहा आजा?"

"आजोबा चर्चमध्ये, पहिल्या रांगेत. आजी पण यायची. मागे बसायची. कोणाचं लग्न लागायला लागलं की उठून बाहेर जायची."

कौसल्याला त्या न पाहिलेल्या बाईबद्दल एकदम माया वाटली. झमकीला आपण असंच मागे बसवलं असतं, हेही तिच्या मनात आलं.

"तुमच्याकडचे सारेच पाळक असेच?" तिनं विचारलं.

"नाही. कोणी म्हणतात सोडा. कोणी म्हणतात आहेत त्या राहू द्या, नवीन आणू नका. कोणी म्हणतात बायांची काय चूक, त्यांना आत घ्या. माणूस बाहेर थांबेल. एक बायको उरेपर्यंत."

"एक उरेपर्यंत म्हंजे?"

"म्हणजे... एक कोणी देवाघरी जाईपर्यंत."

"म्हंजे मानूस दारात बसून कोन आधी मरते हे पाहात राहीन," कौसल्या म्हणाली. "चांगली सोय हाय बाप्पा."

ओकेलो खूप हसला. मग त्यानं हातातला कापूस तिच्या कमरेला बांधलेल्या ओट्यात टाकला आणि म्हणाला, "तुम्ही झमकीला वाचवलं, याडी. पण एकीला घालवलंच ना? स्वतःला."  कौसल्या वेचलेल्याच बोंडाला पुन्हा हात घालत राहिली.

बाप्तिस्म्याचा दिवस उजाडला तो कडाक्याच्या थंडीचा. अडाणच्या काठावर हॉलची माणसं गात उभी होती, आणि तांडा नुसता पाहायला जमला होता. पाळकसाहेब पांढऱ्या झग्यात कमरेइतक्या पाण्यात उभे, एका बाजूला ओकेलो, मधे भीमसिंग कुडकुडत. झमकी काठाशी. कौसल्या जरा मागे, तोंडाला पदर लावून, कारण आज बहीणपण कायमचं पक्कं होणार होतं आणि आपला चेहरा आपलं ऐकेल याची तिला खात्री नव्हती.

"भीमसिंग, जुनं सगळं सोडलं?"

"सोडलं."

"ही झमकी तुमची बायको?"

"होय."

"एकच?"

भीमसिंगने काठावर कौसल्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली. हो म्हणा. त्यानं ते पाहिलं, ती काय सांगते ते त्याला कळलं, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यानं तिचं ऐकलं नाही.

"नाई," तो म्हणाला. "ते मांगं उभी हाय ना, तोंडाले पदर लावून, ते माही पयली बायको हाय. बहीन नोहे."

गाणं बंद पडलं. पाळकसाहेबांनी आधी झमकीकडे पाहिलं, मग कौसल्याकडे. "मग इतके दिवस मला खोटं सांगितलंत?"

"सांगतलं. आता लबाडी घेऊन पान्यात उतरलो तं कायचा बाप्तिस्मा? अन् लबाडी सोडतो म्हनलं तं ती बायकोच राह्यते. मी लय इचार केला साहेब. मले दुसरी वाट दिसून नाई राह्यली."

"मी तुम्हाला बाप्तिस्मा देऊ शकत नाही, भीमसिंग." पाळकसाहेबांचा आवाज खाली आला होता. "तुमच्या मनात काय आहे ते मला दिसतंय. पण नाही देऊ शकत."

"माहीत हाय," भीमसिंग म्हणाला आणि पाण्यातून बाहेर आला. ओकेलोने मागून येऊन काठावर ठेवलेलं स्वतःचं जाकीट त्याच्या अंगावर टाकलं. पाळकसाहेबांनी काठावरच्या दोघींना सांगितलं की बायांवर दोष नाही, त्यांची इच्छा असेल तर त्यांना पाण्यात घेता येईल. झमकी क्वचितच बोलते. ती भीमसिंगकडे पाहून म्हणाली, "आमी यायच्या मांगून येऊ."

कौसल्या तांड्यापर्यंतच्या वाटेवर सगळ्यांच्या पुढे चालली, म्हणजे तिचं रडणं कुणाला दिसू नये. तिला भयंकर राग आला होता आणि भयंकर बरंही वाटत होतं, आणि यातलं आधी काय बोलावं ते ठरत नव्हतं. शेवटी राग सोपा पडला.

"एक हो म्हनता नाई आलं?" भीमसिंग शेजारी आल्यावर ती म्हणाली. "इतके दिवस तं मोठे बाई बाई करून राह्यलते. एक दिवस नाई चुकले."

"चुकलो असतो तं तूच बोलली असती. म्हनून रोज पंप दुरुस्त करता करता घोकत होतो," भीमसिंग म्हणाला. ओल्या धोतराने त्याचे पाय एकमेकांत अडकत होते. "तुले तो राजूरवाला पसंत होता काय?"

"बरा होता. नळ हाय त्याच्या घरी."

भीमसिंगने चालता चालता धोतराचा सोगा पिळला. "आपल्या इथं बी येईन नळ," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी एकजण दुरुस्तीला पंप घेऊन आला, आणि दिवसभराचं ऐकून हळहळत बाटलीही घेऊन आला. भीमसिंगने पंप ठेवून घेतला आणि बाटली परत दिली. कौसल्या चुलीपाशी बसून पाहत होती. तिला जी भीती होती ती तेव्हाच्या तेव्हा गेली नाही. ती आणखी बरेच दिवस त्याचं तोंड हुंगत राहिली.

पुढच्या रविवारी भीमसिंग सकाळीच आंघोळ करून तयार झाला. आता कुठे निघालात, तुम्हाला तर घेत नाहीत, असं कौसल्याने विचारलं. "घ्याचं का नाई ते त्यायनं पाहावं. मी जाऊन बसतो," तो म्हणाला. मग तिघंही निघाले. झमकी पोरांना घेऊन आत गेली, कारण पोरांना गाणं म्हणायचं होतं. भीमसिंग हॉलच्या बाहेर पायरीवर बसला. त्याला कोणी बस म्हटलं नाही आणि उठ म्हटलं नाही.

गाणं सुरू व्हायच्या आधी पाळकसाहेब दाराशी आले. कौसल्या पायरीपाशीच उभी होती. "तुम्ही आत या, कौसल्याबाई," ते म्हणाले. "पुढे जागा ठेवली आहे. तुम्हाला कोणी अडवलेलं नाही."

"मी इथंच बसतो साहेब," कौसल्या म्हणाली. "माहा नवरा इथं बसला हाय."

भीमसिंगने सरकून तिला जागा दिली.